लॅटिना कशी दिसते? आणि रत्नागिरीची मुलगी?

(नेहमीप्रमाणे हा आपल्या पॉडकास्टच्या भागाचा लेखी मजकूर. माझे "अं... म्हणजे" आणि मागे भुंकणारा शेजारचा कुत्रा काढून टाकलाय. बाकी जवळपास जसं बोलले तसंच ठेवलंय.)

इकडे रत्नागिरीत पाऊस कोसळतोय, लाईट दोनदा जाऊन आली, त्यामुळे हा भाग तीन तुकड्यांत रेकॉर्ड झालाय. सांभाळून घ्या.

आजचा विषय मला एका सुपरमार्केटच्या काउंटरवर मिळाला. दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी तीन महिने टेक्सासला होते. तिथे पहिल्याच आठवड्यात कॅशवरच्या बाईंनी माझ्याशी थेट स्पॅनिशमध्ये बोलायला सुरुवात केली. मी गोंधळून इंग्रजीत म्हटलं, "मला स्पॅनिश येत नाही." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी स्वतःची मातृभाषा विसरून बसलेय. मग हे रोजचंच झालं. बसमध्ये, टपाल कचेरीत, एकदा तर लिफ्टमध्ये. सावळा रंग, कुरळे काळे केस, बुटका बांधा. तिथल्या लोकांच्या डोक्यात जी "लॅटिना" आहे, तिच्यात मी फिट बसत होते.

आता गंमत बघा. आमच्या टीममध्ये एक मुलगी होती. उत्तर मेक्सिकोतली, चिवावा राज्यातली. तिचे केस लालसर, कातडी गोरीपान, चेहऱ्यावर बारीक तपकिरी ठिपके. घरी स्पॅनिश, नऊवारीएवढं लांब आडनाव, आजी अजून तिकडे गावात. आणि तिच्याशी कोणीही, कधीही, स्पॅनिशमध्ये बोलायला जात नव्हतं.

एकदा डबा खाताना मी तिला सहज म्हटलं, "पण तू लॅटिना वाटत नाहीस गं." (इंग्रजीत म्हटलं, पण भाव तोच.) ती शांतपणे म्हणाली, "आणि तू वाटतेस. मग आता काय करायचं?"

मला लाज वाटली. कारण हेच वाक्य मी आयुष्यभर ऐकलंय, फक्त शब्द वेगळे होते. पुण्यात पहिल्या नोकरीत रुजू झाले तेव्हा शेजारच्या डेस्कवरचा मुलगा म्हणाला होता, "रत्नागिरीची? वाटत नाहीस! कोकणातल्या मुली गोऱ्या-घाऱ्या असतात ना?" मी तेव्हा हसून सोडून दिलं. पण बघा, ज्याचा मला राग आला होता तेच मी चिवाचं टोक हलवावं तितक्या सहज दुसरीला म्हणून मोकळी झाले. म्हणून आज हे जरा नीट उलगडून बघूया. आधी तिचं, मग आपलं.

लॅटिना म्हणजे नक्की कोण?

"लॅटिना" हा स्पॅनिश शब्द, "लॅटिनो"चं स्त्रीलिंग. ज्यांची मुळं लॅटिन अमेरिकेत आहेत अशी स्त्री, एवढाच त्याचा अर्थ. यात रंग कुठेच नाही. हा वंश नाही, हे अमेरिकेचं सरकारही मान्य करत आलंय. तिथे १९८० च्या जनगणनेपासून "तुम्ही हिस्पॅनिक आहात का?" हा प्रश्न सगळ्यांना विचारायला लागले, आणि वंशाचा प्रश्न वेगळा ठेवला. २००० साली त्यात "लॅटिनो" हा शब्द आला. २०१० च्या फॉर्मवर तर चक्क छापलं होतं की या जनगणनेसाठी हिस्पॅनिक मूळ म्हणजे वंश नव्हे. २०२४ मध्ये मात्र हे दोन्ही प्रश्न एकत्र करायचं ठरलं. म्हणजे ज्यांचं कामच मोजायचं आहे, त्यांनाही हा कप्पा कसा करावा ते नीट उमगत नाहीये.

आणि उमगेल कसं? त्या खंडाचा इतिहासच बघा. मूळ रहिवासी होतेच. त्यावर स्पेन आणि पोर्तुगालचे लोक आले. मग आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली माणसं. आपल्याला वाटतं गुलामगिरी म्हणजे अमेरिका, पण एकट्या ब्राझीलमध्ये जवळपास ४८ लाख आफ्रिकन माणसं उतरवली गेली, आणि आजच्या अमेरिकेच्या भूमीवर थेट उतरवलेली सुमारे ४ लाख. १९०८ मध्ये "कासातो मारू" नावाचं जहाज जपानी मजूर घेऊन ब्राझीलला पोचलं. जपानबाहेर सर्वात जास्त जपानी वंशाचे लोक आज ब्राझीलमध्ये आहेत. पेरूचे राष्ट्राध्यक्ष राहिलेले आल्बेर्तो फुजिमोरी जपानी आईवडिलांचे. अर्जेंटिनात इटालियन लोकांची रीघ लागली होती.

म्हणजे क्युबाची काळी गायिका सेलिया क्रूझ लॅटिना. "रोमा" सिनेमासाठी ऑस्करचं नामांकन मिळालेली मेक्सिकोची आदिवासी अभिनेत्री यालित्सा अपारिसिओ लॅटिना. आणि माझी लाल केसांची मैत्रीणही लॅटिना. या तिघींना एका रांगेत उभं केलं तर चेहऱ्यावरून काहीही जुळणार नाही.

मग ते चित्र आलं कुठून?

सिनेमातून, बऱ्यापैकी. १९४० च्या दशकात हॉलिवूडमध्ये डोक्यावर फळांची टोपली घेऊन नाचणारी कार्मेन मिरांडा प्रचंड गाजली. लॅटिन बाई म्हणजे रंगीत, भडक, हसरी, बोलणं थोडं मोडकं, हे चित्र तिथून पक्कं झालं. आणि ही कार्मेन मिरांडा जन्मली कुठे? पोर्तुगालमध्ये! वाढली रिओत. तिचा तो पोशाख बाहिया भागात रस्त्यावर खाद्यपदार्थ विकणाऱ्या काळ्या बायकांच्या वेशावरून घेतलेला. म्हणजे जिच्या अंगावरचं कापड, ती मागेच राहिली. पुढे पडद्यावर आली ती गोरी.

उलटंही झालं. रीटा हेवर्थ, मूळ नाव मार्गारीटा कान्सीनो, वडील स्पॅनिश. तिला मोठी स्टार करायची म्हणून केस लाल रंगवले आणि कपाळ रुंद दिसावं म्हणून विजेच्या उपचाराने केसांची रेषा मागे सरकवली. कशासाठी? "लॅटिन" कमी दिसावी म्हणून. १९६१ च्या "वेस्ट साइड स्टोरी"त प्वेर्तो रिकोच्या मारियाचं काम नॅटली वुडला दिलं, जी प्वेर्तो रिकोची नव्हतीच. आणि जी खरोखर तिथली होती त्या रीटा मोरेनोच्या चेहऱ्यावर गडद मेकअप थापला, का तर ती पुरेशी सावळी दिसेना! आपल्या पिढीला माहीत असलेली सोफिया व्हर्गारा मुळात सोनेरी केसांची. कामं मिळावीत म्हणून तिने केस गडद केले.

बघा म्हणजे, एकीला कमी लॅटिन व्हायला लावलं, दुसरीला जास्त. साचा आधी ठरलेला, माणूस त्यात कापूनकुपून बसवायचा.

आता घरी या

रत्नागिरी. "गोरी-घारी" हा शब्द आपल्याकडे जोडीनेच येतो. घारे म्हणजे फिकट, हिरवट-पिंगट डोळे. बुबुळात मेलॅनिन कमी असलं की असे दिसतात, यापलीकडे त्यात काही नाही. हे चित्र आहे चित्पावन म्हणजे कोकणस्थ ब्राह्मण बाईचं. त्यातल्याही सगळ्या तशा नसतात, ते सोडा. पण एका छोट्या समाजाचं चित्र अख्ख्या कोकणाचं कसं झालं?

मला वाटतं याचं उत्तर सत्तेत आहे. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट १७१३ मध्ये पेशवे झाले. त्यांच्यामागून कोकणातली कितीतरी कोकणस्थ घराणी घाटावर गेली. पुढे पुण्यातली वर्तमानपत्रं, नाटकं, शाळा, पुस्तकं यांत हा समाज पुढे होता. तर पुण्या-मुंबईच्या माणसाला भेटलेलं, वाचलेलं, रंगमंचावर पाहिलेलं "कोकण" हे बहुतेक वेळा तेच होतं. त्यात "कोकणस्थ" या शब्दाचा सरळ अर्थ "कोकणात राहणारा". शब्दानेच अर्धं काम केलं.

खऱ्या रत्नागिरीत कोण राहतं? कुणबी समाज मोठा. भंडारी, म्हणजे आम्ही. मराठा, बौद्ध, खारवी, गाबीत, कोकणी मुसलमान, तेली, कुंभार. सकाळी मिरकरवाड्याच्या बंदरावर जा, टोपल्या घेऊन बसलेल्या बायका बघा. आणि एक आकडा सांगते. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. महाराष्ट्रात सर्वात जास्त. कारण पुरुष मुंबईला चाकरमानी. म्हणजे हा जिल्हा अक्षरशः बायकांनी चालवलाय: लावणी त्यांनी केली, काजूच्या कारखान्यात बिया त्यांनी फोडल्या, मनीऑर्डरीची वाट त्यांनी बघितली. उन्हात रापलेल्या. आणि "कोकणातली मुलगी" म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर यांच्यातली एकही येत नाही.

इरावतीबाई आणि टूटू

यावर आमच्या शहरातली आणि जिल्ह्याशी जोडलेली दोन माणसं मला फार बोलकी वाटतात. दोघींचा संबंध ब्रह्मदेशाशी आहे.

पहिल्या इरावती कर्वे. कोकणस्थ घरातल्या, जन्म १९०५ मध्ये ब्रह्मदेशात, वडील तिथे नोकरीला. नाव तिथल्या इरावती नदीवरून. पुढे त्या दापोलीकडच्या मुरुडच्या महर्षी कर्व्यांच्या सूनबाई झाल्या. मुंबईत शिकताना त्यांचा प्रबंध चित्पावनांवरच होता. मग त्या बर्लिनला गेल्या, ऑयगेन फिशर या शास्त्रज्ञाकडे. फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारा माणूस, पुढे नाझींच्या वंशधोरणाला त्याच्या संस्थेचा हातभार लागला. गोऱ्या युरोपियनांची कवटी दोन बाजूंनी वेगळी असते आणि म्हणून त्यांची बुद्धी वरचढ, अशी त्याची कल्पना. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं की कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. वय पंचविशीच्या आसपास, परका देश, समोर गाइड तो. मी कोड रिव्ह्यूमध्ये सीनियरला "हे चूक आहे" म्हणताना दहा वेळा टाइप करून खोडते, म्हणून मला हे फार मोठं वाटतं. अर्थात पुढेही त्या आपल्याकडच्या जातींची शारीरिक मोजमापं घेत राहिल्या. तो प्रश्न त्यांच्याही हातून एका झटक्यात सुटला नाही.

दुसरी टूटू. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. तीस वर्षं तो इथेच होता, १९१६ मध्ये इथेच वारला. आपण सगळे शाळेच्या सहलीला थिबा पॅलेसला गेलोय. पण त्याच्या थोरल्या राजकन्येचं आणि त्यांच्याकडे दरवान असलेल्या गोपाळ सावंतांचं प्रेम जुळलं, आणि १९०६ मध्ये त्यांना मुलगी झाली. तीच टूटू. मधला थोडा काळ सोडला तर तिचं सगळं आयुष्य रत्नागिरीत गेलं. पवारांच्या घरात लग्न केलं, हलाखीत मोठा संसार केला, मराठी बोलली, आणि २००० मध्ये इथेच गेली.

आता सांगा, रत्नागिरीची बाई कशी दिसते? ब्रह्मदेशात जन्मलेली "कोकणस्थ" की राजाची नात असलेली "पवारीण"? माझ्या दृष्टीने टूटू माझ्यापेक्षा जास्त रत्नागिरीकर. मी अर्धं आयुष्य पुण्यात आणि लॅपटॉपसमोर घालवलंय!

एकच शब्द, दोन किनारे

तयारी करताना एक गोष्ट कळली ती सांगते. १८ व्या शतकात मेक्सिकोत "कास्ता" चित्रं काढायचे. बहुतेकदा सोळा चित्रांचा संच. स्पॅनिश बाप आणि आदिवासी आई यांचं मूल म्हणजे अमुक, त्याचं पुन्हा स्पॅनिशाशी झालेलं मूल म्हणजे तमुक, प्रत्येकाला नाव, प्रत्येकाची पायरी. हाच "कास्ता" शब्द पोर्तुगीज लोक आपल्या किनाऱ्यावर घेऊन आले आणि आपल्या जातींना लावला. इंग्रजीतला "कास्ट" त्याच्यातूनच आला.

आणि आपल्याकडे शब्द काय? वर्ण. रंगही तोच, उतरंडही तीच.

मैत्रिणीने मला तिच्याकडची एक म्हण सांगितली होती: "मेहोरार ला रासा". म्हणजे "वंश सुधारा". अर्थात गोऱ्याशी लग्न करा. तिची आजी हे प्रेमाने म्हणते. मी म्हटलं, आमच्याकडे म्हण वेगळी असेल, पण आज्या त्याच आहेत.

मशीन काय करतं

आता थोडं माझ्या धंद्याचं. चित्रं काढून देणाऱ्या एका एआय टूलला मी "कोकणातली मुलगी" असं सांगून बघितलं. चार चित्रं आली. चारही गोऱ्या, नथ, नऊवारी, मागे समुद्र. एकही मिरकरवाड्याची नाही.

यात मशीनचा द्वेष वगैरे नसतो. त्याला शिकवताना जे फोटो आणि त्याखालची जी नावं मिळाली, त्यात जे जास्त वेळा दिसलं ते ते पुन्हा काढतं. पण फोटो कोणाचे टाकले जातात? जे "छान दिसतात" त्यांचे. बंदरावरच्या काकूंच्या फोटोखाली कोणी "कोकणकन्या" लिहीत नाही. म्हणजे नमुनाच एकांगी. आपल्या डोक्याचंही तेच होतं, फक्त आपल्याला ते "अनुभव" वाटतं.

याचे परिणाम नुसते चित्रापुरते नाहीत. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणारी बाजारातली सॉफ्टवेअर तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुका जास्तीत जास्त ०.८ टक्के, आणि गडद रंगाच्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. दर तीन बायकांमागे एक चूक! मी माझ्या कामात अशी बग रेट घेऊन गेले तर त्याच दिवशी रिलीज थांबेल.

मग आपण काय करायचं?

खरं सांगू, हा भाग करायचं कारण टेक्सास नाहीच. कारण आहे माझा बायोडेटा. नोकरीचा नाही, दुसरा.

गेल्या दिवाळीत आई लग्नाचा बायोडेटा घेऊन बसली. नाव, जन्मवेळ, रास, गण, नाडी, उंची, आणि मग तो रकाना: वर्ण. आईने पेनाने लिहिलं, "निमगोरा". मी म्हटलं, "आई, मी निमगोरी कुठल्या बाजूने आहे?" ती म्हणाली, "अगं, सगळे असंच लिहितात." मी म्हटलं, "मग सावळी लिही." ती गप्प. मग म्हणाली, "सावळी लिहिलं तर पहिल्याच पानावर बाजूला ठेवतात, तुला माहीत नाही. माझं ठेवलं होतं."

हे मला खरंच माहीत नव्हतं. आईच्या रंगावरून तिला काय काय ऐकावं लागलं ते तिने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. ते इथे सांगत नाही, ते तिचं आहे. पण मला एक कळलं. ती माझा रंग लपवत नव्हती. मला त्या ढिगाऱ्यातून वाचवत होती.

२०२० मध्ये शादी डॉट कॉमने रंगानुसार शोधायची सोय काढली, "फेअर अँड लव्हली"तून "फेअर" गेलं. चांगलं झालं. पण रकाना कागदावरून गेला तरी डोक्यातून जायला वेळ लागतो, आणि तोवर किंमत मुलीच मोजतात.

म्हणून मी ठरवलेल्या तीन साध्या गोष्टी सांगते, उपदेश नाही. एक: "तू तिथली वाटत नाहीस" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही, कौतुक म्हणून तर अजिबात नाही. त्याऐवजी "तू कुठली?" विचारायचं आणि उत्तर आलं की ते मान्य करायचं. दुसरा प्रश्न "मूळची कुठली?" असा नाही विचारायचा. दोन: कोणी माझ्याबद्दल ते म्हटलं तर हसून सोडायचं नाही, "रत्नागिरीच्या बहुतेक बायका माझ्यासारख्याच दिसतात" एवढं शांतपणे सांगायचं. तीन: फोटो टाकायचे. आईचे, आत्याचे, बंदरावरच्या काकूंचे, त्यांना विचारून, आणि खाली "कोकण" लिहून.

आणि बायोडेटाचं म्हणाल, तर आम्ही भांडून तोडगा काढला. "सावळा" नाही आणि "निमगोरा"ही नाही. टेबलातून तो कॉलमच ड्रॉप केला. आईची अट एकच होती: फोटो चांगला, उजेडातला लाव. लावलाय. तिनेच काढलाय, भाट्याच्या किनाऱ्यावर, भर दुपारी.

तुम्हाला कधी कोणी "तुम्ही तिथले वाटत नाही" म्हटलंय का? किंवा तुम्ही म्हटलंय का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त आवडेल मला. लिहून पाठवा, पुढच्या भागात वाचू. तोवर पावसात जपून. भेटूया!